वाढत्या अंगाचं

“ताई, हे धनुष्य तुमचं न्हाय,” निकिता म्हणाली, आणि राजलक्ष्मीच्या हातातली दोरी कानामागं ताणलेली तशीच राहिली. बाण लावलेला होता, पण सोडायचा नव्हता. नव्या दोऱ्या चढवल्यात, एकदा ओढून दाखवा, पूर्वीसारखं वाटतंय का सांगा, एवढंच निकितानं म्हटलं होतं. आताही ती काही ठणकावून बोलली नव्हती. देवळाबाहेर चपला शोधताना शेजारची बाई “ही तुमची न्हाय वाटतं” म्हणते ना, अगदी त्या आवाजात. पण राजलक्ष्मीला आधी रागच आला. माझं नाही तर कुणाचं? आबांनी पुण्याला जाऊन माझ्यासाठी आणलेलं, एकोणीस वर्षं माहेरी पणदऱ्याच्या घरात भिंतीवर माझ्या नावानं टांगलेलं. हे सगळं तिला सुनवायचं होतं, पण दोरी ओढून धरलेल्या माणसाला बोलता येत नाही. डावा हात कोपरापासून थरथरायला लागला, मग खांदा, मग हनुवटी. तिनं श्वास धरून दोरी सावकाश पुढं आणली, बाण काढून ठेवला आणि हसली. जुनं दुखणं नव्या डॉक्टरला दाखवताना माणूस हसतं, तसं. “बघितलंस? कापतोय हात. ऐन वेळी माझा असाच कापतो.”

“कापणारच की,” निकिता म्हणाली. “माझाबी कापला असता.”

आता या वाक्याचं काय करायचं ते राजलक्ष्मीला कळेना. इंदापुरातल्या एका शाळेच्या मागचं हे मैदान, दुपारचे तीन, लिंबाखाली गवताच्या गठ्ठ्यावर डकवलेला रंगीत कागद, आणि समोर ही तिरंदाजी शिकवणारी पंचविशीतली पोरगी, केसांचा बुचडा बांधलेली, दंडावर अर्ध्या बाहीची उन्हानं रापलेली रेघ. हिला काय माहीत. राजलक्ष्मीचा हात कापतो ही काही आजची बातमी नव्हती, ती पणदऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. सर्जेरावांची राजी ऐन वेळी कच खाते. काही घरांत एखादी पोरगी सावळी म्हणून ओळखली जाते, एखादी बोलघेवडी म्हणून. ही कच खाणारी म्हणून ओळखली जायची, आणि सांगणाऱ्याच्या मनात पाप नसायचं. पाप असतं तर ती भांडली असती. मायेनं सांगितलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं. पुण्याच्या पहिल्या मुलाखतीतून ती पायरीवरूनच परत आली तेव्हा आई म्हणाली, असू दे, तुझा स्वभावच हाय तसा. गाडी शिकता शिकता सोडली तेव्हा ती स्वतःच म्हणाली, माझा स्वभावच आहे तसा.

त्या दिवशी गुरुवार होता. लोणी देवकरच्या ज्या कारखान्यात राजलक्ष्मी तेरा वर्षं सुट्या भागांची तपासणी करत होती, त्याला गुरुवारची सुट्टी. एरवी रोज पहाटे बारामतीहून कंपनीची बस, आणि दिवसभर लोखंडी कड्यांच्या भोकात मापाचा दांडा घालून बघायचं, जातोय की अडतोय. या कामात तिचा हात कधी कापला नव्हता. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. पण आता मंदाकिनी मॅडम निवृत्त होणार होत्या, आणि तपासणी विभागाच्या आपल्या खुर्चीवर त्यांना राजलक्ष्मी हवी होती. त्या खुर्चीचं काम वेगळं. फाटकाशी ट्रक उभा असतो, उत्पादनवाले डोक्यावर ओरडत असतात, वरच्या साहेबांचे फोन येत असतात, आणि एका माणसानं म्हणायचं असतं की हा माल जाणार नाही. चाळीस माणसं बघत असताना म्हणायचं असतं. “शुक्रवारी सकाळी हो किंवा नाही सांग,” मंदाकिनी मॅडम म्हणाल्या होत्या, “आणि नाही असेल तर मला खरं कारण सांग, घरच्या जबाबदाऱ्या सांगू नकोस.” घरच्या जबाबदाऱ्यांचाच निरोप चार दिवसांपासून मोबाईलमध्ये लिहून तयार होता. नवरा, इंद्रजित, म्हणाला होता, घे की, मी बघतो घरचं. म्हणजे तेही कारण खोटं पडलं होतं. आणि याच चार दिवसांत तिनं ठरवलं होतं की भिंतीवरचं धनुष्यही या शाळेतल्या पोरींना देऊन टाकायचं. एकदा नाही म्हणायचंच, तर सगळ्यालाच म्हणून मोकळं व्हावं.

निकितानं तोवर मोबाईलवर फोटो काढला होता. “हे बघा, ओढलेलं असताना तुमी कशा दिसताय.” फोटोत एक बाई पाठीमागं कलून उभी होती. डोकं मागं, कंबर पुढं, दोरी पार कानाच्या मागं गेलेली, डावं कोपर उलटं वळलेलं. राजलक्ष्मीनं फोटो मोठा केला, लहान केला. हे उभं राहणं तिच्या ओळखीचं होतं. लग्नाच्या फोटोतही ती अशीच मागं रेलून उभी होती, सासरच्या बायका म्हणाल्या होत्या, नवरीला ताठा फार. ताठा कसला. सोळाव्या वर्षापासून अंगाला जे वळण लागलं, ते गेलं नव्हतं.

“ह्या जातीच्या धनुष्याचं एक असतंय,” निकिता सांगू लागली, आणि सांगताना तिनं दोन्ही टोकांची चाकं बोटानं दाखवली. “ओढायला लागलं की मधी लई जड लागतंय. मग ही चाकं फिरून पलीकडं पडतात आणि वजन एकदम उतरतं. जड असतंय त्यातलं चाराण्यांएवढंच हातात राहतं. तिथं थांबायचं, निवांत, मग नेम. तुमची ती जागा तुमच्या हाताच्या फुडं हाय. तुमी तिथवर पोचतच न्हाय. मान टाकून, पाठ टाकून कसंबसं टेकताय, आणि चाकं तुमाला परत ओढतायत. मग हात कापंल न्हायतर काय व्हईल?” तिनं टेप काढली. “भिंतीला पाठ लावा. हात पसरा.”

राजलक्ष्मीनं हात पसरले. शाळेच्या भिंतीचा चुना उन्हानं तापलेला होता, तो तळहातांना लागला. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत टेप सरकत गेली, आणि ती अशी उभी असतानाच, काही ध्यानीमनी नसताना, तिला ते दुकान आठवलं. पुण्यातलं, एका बोळातलं, जिन्याखालचं. लाकडाला पॉलिशचा वास. जाड भिंगांचा चष्मा लावलेले दुकानदार, आणि त्यांच्या हातात अशीच टेप. ती सोळा वर्षांची, नव्या चपलेच्या टोकात कापूस भरलेला, कारण चपला एक नंबर मोठ्या. “साडेबासष्ट,” दुकानदार म्हणाले होते. “साडेबासष्ट,” निकिता म्हणाली. “भागिले अडीच. पंचवीस. तुमची ओढ पंचवीस इंच. आणि धनुष्य लावलंय साडेसव्वीसला. दीड इंच मोठं. कुणी लावलं असं?”

कुणी लावलं ते राजलक्ष्मीला तिथं भिंतीशी, हात पसरलेले असतानाच ऐकू आलं. आबांचाच आवाज, खुशीतला, चार माणसांत मोठा होणारा. “पंचवीस झालं, आणि फुडं? पोरगी सोळाची हाय, अजून वाढंल. वाढत्या अंगाचं बसवा.” दुकानदार म्हणाले होते की अहो, हे कपड्यासारखं चालत नाही. आबा म्हणाले होते की आमच्यात समदं वाढत्या अंगाचंच घेत्यात, वर्साला पुण्याला कोण येतंय. खरंच घेत होते. शाळेचा निळा स्कर्ट आठवीत घेतला तो दहावीपर्यंत गेला. त्याला आईनं आतून तीन टिपा मारल्या होत्या, दर जूनला एक उसवायची, आणि उसवलेल्या जागी कापडाचा मूळचा गडद निळा पट्टा दिसायचा, बाकीचा स्कर्ट विटलेला. वह्यांच्या पिशवीचा पट्टा गुडघ्यापर्यंत. नावसुद्धा वाढत्या अंगाचंच ठेवलेलं, राजलक्ष्मी. पाच फूट दोन इंचांच्या पोरीला ते आजवर पुरतं भरलं नव्हतं, म्हणून सगळे राजीच म्हणायचे. दुकानदारांनी मान हलवली होती. “दीड इंच वाढवून देतो. नाही झेपलं तर परत घेऊन या, कमी करू.” परत कुणी नेलं नाही. स्कर्टाच्या टिपा आईच्या ध्यानात राहिल्या, धनुष्याची कुणाच्याच राहिली नाही. आणि तीही काही बोलली नव्हती, हे तिला आता अगदी नीट आठवलं. ती खूश झाली होती. तिलाही वाटलं होतं की मी वाढेन.

ती वाढली नाही. सोळाव्या वर्षी होती तेवढीच राहिली. त्याच दुकानात, त्याच मापावर.

निकितानं धनुष्य खोलीतल्या टेबलावर आडवं घातलं. दोन्ही चाकांवर एकेक छोटी पट्टी होती, दोन स्क्रूंनी बसवलेली, आणि तिच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली. स्क्रू फिरवायला तिनं पाना लावला, तर पाना आतच जाईना. तिनं वाकून पाहिलं. “ह्यात काय भरलंय, कुंकू?” कुंकूच होतं. दर खंडेनवमीला पणदऱ्यात ट्रॅक्टर, कोयते, आईची शिलाई मशीन आणि हे धनुष्य, सगळ्यांची एकत्र पूजा व्हायची. आई तेलाचं बोट लावून हळद-कुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी कामाला जायचा, कोयते जायचे, मशीन तर दुपारीच सुरू व्हायची. धनुष्य मात्र पूजा घेऊन परत भिंतीवर. एकोणीस खंडेनवम्यांचं कुंकू त्या स्क्रूंच्या डोक्यात थरावर थर बसून दगड झालं होतं. निकितानं ओढणीची पिन काढली आणि ते कोरायला घेतलं. लाल भुकटी पडायला लागली. ती तिनं फुंकली नाही. कागद घेऊन त्यावर धरली, पुडी केली, कपाळाला लावली आणि खिडकीतल्या तुळशीच्या डब्यात रिकामी केली. मग पाना बसला. स्क्रू कुरकुरत ढिले झाले. पट्टी ‘ई’ अक्षरावर होती, ती ‘डी’, ‘सी’ करत ‘बी’वर आली. “दोन्हीकडं एकच अक्षर पायजे,” निकिता म्हणाली. “वर एक आणि खाली एक झालं की धनुष्य वाकडं रडतं.” खालच्या चाकाचंही झालं. नेम धरायचं दोरीतलं बारीक भोक तिनं राजलक्ष्मीच्या डोळ्याशी आणून पक्कं केलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

वीस मिनिटं. राजलक्ष्मी स्टुलावर बसून होती आणि तिला स्वतःचाच एक धडा आठवत होता, जो ती कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला पहिल्या दिवशी द्यायची. माल मापात बसेना तर लगेच मालाला नावं ठेवू नका. आधी माप तपासा. मापाचा दांडा झिजलाय का, चुकीचा उचललाय का बघा, मग मालाला बोला. तेरा वर्षांत किमान शंभर पोरींना तिनं हे सांगितलं असेल, आणि नीट समजावून, तक्रार करता येऊ नये असं. तिरंदाजीच्या संघनिवडीच्या त्या दिवसाला मात्र तिनं कधी हे लावून पाहिलं नव्हतं. बारामतीचं मैदान, शेवटचा बाण, पहिल्या चारांत ती तिसरी. मंडपात आबा आणि त्यांचे दोस्त जयवंता, दोघांनी फेटे बांधलेले. तिनं ओढलं, हात कापला, खाली घेतलं. पुन्हा ओढलं, पुन्हा खाली घेतलं. वेळ संपत आल्याचा दिवा लागला. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून सोडला. दोरी डाव्या हाताला फाडकन लागली आणि बाण कुठंतरी गवतात गेला. सापडलासुद्धा नाही. सगळे जयवंताच्या जीपमधून परत निघाले. मग माळेगावच्या अलीकडं आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “असू दे. ऐन वेळी कच खाल्ली पोरीनं. आपल्यात तेवढं काळीज न्हाय, त्याला काय करायचं.” किती मऊ हात होता तो. तिनं ते शब्द त्या हातासकट घेतले, आणि ठेवून दिले.

“चला,” निकिता म्हणाली.

तिनं बाण लावला. ओढायला घेतलं, मधलं जड आलं, आणि मग, ती मान मागं टाकायच्या तयारीत असतानाच, चाकं फिरून पलीकडं पडली. वजन उतरलं. हात हनुवटीशी आला आणि तिथंच राहिला. मागं टाकलेली मान काय करायची ते तिला समजेना. ती तिनं पुढं आणली. पाठ सरळ झाली. डावा हात समोर धरलेला होता, जरासा वाकलेला, आणि तो कापत नव्हता. ती थांबली. अजून थांबली. कुठल्याही क्षणी थरथर सुरू होईल म्हणून ती वाट बघत होती, जुन्या पाहुण्याची बघावी तशी, आणि पाहुणा काही येत नव्हता. श्वास आला आणि गेला. लिंबावर कावळा बोलला तेही तिला ऐकू आलं. मग बाण सुटला. लागला कुठं ते तिनं आधी पाहिलंच नाही. निळ्या आणि लाल पट्ट्याच्या मध्ये लागला होता. काही विशेष नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. पायात रुतलेला काटा निघाल्यावर कसं वाटतं, दुखत असतं पण आत काही नसतं, तसं. तिनं आणखी अकरा बाण मारले. मग तिला सपाटून भूक लागली. निकितानं डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली आणि दोघींनी ती लिंबाखाली बसून संपवली.

खाता खाता राजलक्ष्मीनं विचारलं, “म्हणजे तेव्हा जर ‘बी’वर असतं, तर तो बाण लागला असता?”

निकितानं खोटा दिलासा दिला नाही, आणि त्याबद्दल राजलक्ष्मीला ती आवडली. “ते मला न्हाय सांगता यायचं,” ती म्हणाली. “निवडीला भल्याभल्यांचं पाणी व्हतं. लागला असता, नसता. पण साडेसव्वीसवर तुमचा हात कापला म्हणून तुमी भित्र्या, असं जर कुणी म्हणत असंल, तर त्याला धनुष्यातलं काय कळत न्हाय.” मग पाण्याची बाटली तोंडाला लावून पुसत म्हणाली, “आणि ह्या धनुष्यावर तुमी पहिल्या चारांत आल्या व्हत्या? कमाल हाय. दुसरी पहिल्याच महिन्यात पळून गेली असती.”

धनुष्य द्यायचा विषय निघालाच नाही. ते पिशवीत घालून ती इंदापूरच्या स्टँडवर आली आणि बारामतीच्या एसटीत बसली. कंडक्टरनं मांडीवरची लांबडी पिशवी बघून विचारलं, “काय ताई, तंबोरा का?” ती हो म्हणाली. निमगाव केतकी गेलं, लासुर्णे गेलं, दोन्ही बाजूला ऊस, मध्येच केळी. सुटल्यासारखं वाटत होतं हे खरं, पण मन काही सरळ मार्गानं सुटत नाही. आधी आबांचा राग आला. दीड इंच! एक दिवस पुण्याला परत जायचा कंटाळा, आणि माझी एकोणीस वर्षं. मग आईची आठवण झाली. सरावाहून आल्यावर तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोरीचे काळेनिळे वळ असायचे, आई त्यावर हळद लावायची, आणि एकदा म्हणाली होती, “एवढं लागतंय तर जरा आत घ्या की ते.” आबा आणि ती दोघंही पोट धरून हसली होती. अगं बने, ते काय परकर-पोलकं हाय व्हय आत घ्यायला. आई बिचारी ओशाळून मशीनवर जाऊन बसली. सगळ्या पणदऱ्यात तेवढी एकच बाई बरोबर बोलली होती, आणि तिला हसून गप्प केलं, त्यात मीपण होते. हे आठवल्यावर आबांचा राग निम्मा झाला. उरलेल्या निम्म्यातून वेगळंच काही निघालं, आणि तिला सीटवर सावरून बसावं लागलं. कच खाणारी असण्याची सोयही होती की. कच खाणारी म्हटलं की मागच्या बाकावर जागा मिळते. पुण्याला जायला नको, गाडी चालवायला नको, चाळीस माणसांसमोर बोलायला नको. जखम होती हे खरं. पण तिनं तिची उशी करून घेतली होती. आता उशी काढून घेतल्यावर डोकं कुठं टेकायचं? उद्या मॅडमना खरं कारण काय सांगायचं? खरं कारण तर दुपारी चार वाजता इंदापुरात कागदाच्या पुडीत बांधून तुळशीत टाकलं होतं. बारामतीच्या स्टँडवर उतरून तिनं घरी फोन केला की उशीर होईल, आणि पणदऱ्याची गाडी धरली.

ती पोचली तेव्हा धारा चालू होत्या. आबा दुधाची किटली घेऊन गोठ्यातून येत होते. चौऱ्याहत्तरीला आले होते. एकेकाळी दारातून वाकून शिरणारा माणूस, आता सरळ शिरायचा. सदरा मात्र जुन्याच मापाचा, बाह्या बोटांवर आलेल्या. आई, बनाबाई, पडवीत मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती.

“दिलं न्हाय व्हय धनुष्य?” आबांनी विचारलं.

“न्हाय दिलं. आबा, बसा हितं. पुण्याच्या दुकानात माझं माप घेतलं, तवा तुमी काय म्हणला व्हता?”

“काय म्हणलो?”

“वाढत्या अंगाचं बसवा म्हणला.”

“मग? बरोबरच हाय की. समद्यांचंच तसं घेत व्हतो.” आणि ते किटली ठेवायला वळले. मग वळता वळता थांबले. शेतकरी माणूस, चक्रात काहीतरी अडकल्याचा आवाज त्याला आधी कळतो. “का? काय झालं?”

तिनं सांगितलं. राग करायचा ठरवून आली होती, पण कामावरच्या नव्या पोरीला सांगते तसं सावकाश सांगितलं. हात पसरून दाखवले. चाकं दाखवली, पट्टी दाखवली, ‘ई’ कुठं होतं आणि ‘बी’ कुठं. वजन उतरायची जागा तिच्या हाताच्या दीड इंच पलीकडं होती, तिथं ती कधी पोचलीच नाही. आबा ऐकत होते. “दीड इंचानं काय व्हतंय,” ते म्हणाले, पण विचारल्यासारखं नाही, अडवल्यासारखं. “दोन नंबर मोठं बूट घालून पळा म्हणजे कळंल,” ती म्हणाली.

“मी तवाच म्हणले व्हते, जरा आत घ्या,” बनाबाई म्हणाली. मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

आबा उठले आणि अंगणात निघून गेले. राजलक्ष्मीला वाटलं, रागावले. मग अंगणातून फोनचा आवाज आला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर मोठा लावून बोलायचे, त्यामुळं पलीकडचाही शब्दन् शब्द घरात यायचा. “जयवंता, सर्जेराव बोलतोय. आरं, आमच्या राजीनं कच न्हवती खाल्ली. धनुष्य मोठं व्हतं. मीच मोठं बसवलं व्हतं.” पलीकडून जयवंताचा घोगरा आवाज: “कोण राजी? कसलं धनुष्य? ऊस तोडायचं काय झालं ते सांग.” “आरं, निवडीला गेलो न्हवतो का तुझ्या जीपमधनं? बाण गवतात गेला ते?” “मला तर काय आठवंना बाबा.” “तुला आठवंना? तूच तर गावभर सांगितलंस,” आबा म्हणाले, आणि फोन ठेवला. घरात राजलक्ष्मी भिंतीला टेकून उभी होती. ज्यानं गावभर सांगितलं त्याच्याही ते ध्यानात नव्हतं. सगळं पणदरं केव्हाच विसरून आपापल्या उसाला लागलं होतं, ती एकटीच ते राखत बसली होती. तिला हसू यायला लागलं.

दुसरा फोन धोंडाबाई आत्याला झाला. या वेळी आबा अधिक सराईतपणे बोलले, दुकानदाराचा चष्मासुद्धा सांगितला. “माप माझं चुकलं,” असं दोनदा म्हणाले. “आता अख्ख्या पावण्या-रावळ्यांत कळणार,” बनाबाई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली. तिसरा फोन इंद्रजितला.

“जावईबापू, मी सर्जेराव. न्हाय, समदी बरी हायत. एक सांगायचं व्हतं. लग्न जमवताना मी तुमाला म्हणलो व्हतो न्हवं, पोरगी जरा भित्री हाय, सांभाळून घ्या. ते...” आणि तिथं ते थांबले. “हां मामा, बोला की,” पलीकडून इंद्रजित म्हणाला. “ते,” आबा पुन्हा म्हणाले, आणि पुढचं काही येईना. स्पीकरमधून बारामतीच्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत राहिले. बनाबाई चुलीपासून उठून बाहेर गेली, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, “ते तसं न्हवतं म्हणत्यात. राजी जेवून येईल, वाट बघू नका.”

राजलक्ष्मीनं पडवीतल्या दिव्याखाली मोबाईल काढला. चार दिवसांचा तयार निरोप शेवटच्या अक्षरापासून पहिल्या अक्षरापर्यंत पुसला, आणि लिहिलं: मॅडम, हो. उद्या सकाळी येते. पाठवताना अंगठा जरा थबकला, हे खोटं कशाला बोला. पण कापला नाही.

आबा हातपाय धुवायला आत आले तेव्हा डोळे लाल होते आणि ते तिच्याकडं बघत नव्हते. त्यांनी हात पुढं केले, बाह्या बोटांवर लोंबत होत्या, पाण्यात भिजल्या असत्या. तिनं एक बाही धरली आणि दुमडली, एक घडी, मग दुसरी, मनगट मोकळं होईपर्यंत. मग दुसरी बाही. ते लहान पोरासारखे उभे राहिले. मग भिंतीला टेकवलेल्या पिशवीकडं हनुवटीनं दाखवत, अगदी हळू, त्यांनी विचारलं, “त्यात परत वाढवायची सोय ठिवलीय न्हवं?”

“आता कुठं वाढती ती, छत्तीस वर्षांची,” आतून आई म्हणाली.

“हाय, आबा,” राजलक्ष्मी म्हणाली. “सोय हाय.”